खंडेनवमीची बोट

२००७ साल. शाळेच्या दाखल्यावरून माझं वय एकोणसत्तर, आईच्या सांगण्यावरून सत्तर. दाखला मास्तरांनी अंदाजानं लिहिला होता आणि आई तर तिथे हजर होती, म्हणून मी आईचं धरतो.

अमेरिकेत श्रूजबरीला मुलाच्या घरी येऊन मला दुसरं वर्ष चाललं होतं. आमची ही वारली, गावच्या घरात मी एकटा उरलो, तेव्हा मुलगा न्यायला आला. मी नाही म्हटलं. पुष्कळ दिवस नाही म्हटलं. शेवटी तो ओटीवर बसून राहिला. जेवायलाही उठेना. माझाच हट्ट माझ्यासमोर मांडी घालून बसलेला बघितला आणि मी गुमान पेटी भरली.

जन्मभर मी खाडीवरच्या लाँचचं इंजिन सांभाळलं. या काठाची माणसं त्या काठाला नेणारी लाँच. वर सुकाणूवर दुसरा, खाली इंजिनाशी मी. खाली उजेड कमी, डिझेलचा वास, आणि तो ठोका. घरी येऊन झोपलो तरी ठोका अंगात चालूच असायचा. ही म्हणायची, तुमच्या छातीवर डोकं ठेवलं की मला पलीकडच्या काठाला गेल्यासारखं वाटतं.

श्रूजबरीच्या घरात ठोका नव्हता. भांडी मशीन धुवायचं, कपडे मशीन वाळवायचं, गॅरेजचं दार बटण दाबलं की आपणहून वर जायचं. मी खिडकीशी बसायचो. सूनबाई चांगली. "बाबा, टीव्ही लावू का?" म्हणून विचारायची. मी हो म्हणायचो, कारण नाही म्हटलं तर तिला वाईट वाटलं असतं. त्या घरात मला कुणी काही कमी केलं नाही. फक्त मला कुणी काही विचारायचं नाही, कारण विचारण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग त्या वर्षी उन्हाळ्याआधी मुलानं ऑफिसातल्या एका माणसाकडून जुनी बोट घेतली. जेट बोट.

मी तिच्या मागे जाऊन वाकून बघितलं. पंखा नाही.

"पंखा काढून घेऊन विकली का रे तुला?"

"बाबा, हिला पंखा बाहेर नसतो. खालून पाणी ओढते आणि मागून जोरात फेकते. त्या जोरावर पुढे जाते."

"माकूल," मी म्हटलं.

"काय?"

"माकूल तसंच पळतं. पोटात पाणी घेतं आणि फेकतं. लहानपणी तुला दाखवलं होतं, खाडीच्या तोंडाशी. विसरलास."

तो विसरला नव्हता. हसला. सूनबाई नागपूरची, तिला माकूल हा दर्यातला मऊ, लांब हातांचा जीव माहीत नव्हता. तिनं इंटरनेटवर चित्र काढून बघितलं आणि म्हणाली, "ई, बोट यापेक्षा बरी दिसते हो बाबा."

श्रूजबरीजवळ लांबट तळं आहे. उन्हाळाभर शनिवारी-रविवारी आम्ही तिथे जायचो. तो सुकाणूवर, मी मागे, इंजिनाच्या झाकणाला पाठ लावून. पहिल्याच दिवशी ठोका माझ्या पाठीत शिरला. डिझेलचा नव्हे, पेट्रोलचा, बारीक, घाईचा, पण ठोकाच. तळ्यावर सकाळी धुकं असायचं. धुक्यातून बोट जाताना दोन्ही काठ नाहीसे व्हायचे आणि मला कळायचं नाही की आपण कुठल्या पाण्यावर आहोत. मी डोळे मिटून घ्यायचो. मग पुढून आवाज यायचा, "बाबा, आवाज बरोबर आहे का?"

मी ऐकायचो. "आहे. चाल."

एवढंच. पण त्या अख्ख्या देशात मला विचारून चालणारी तेवढी एकच गोष्ट होती.

झाडं लाल-पिवळी व्हायला लागली तेव्हा मुलगा म्हणाला, आता बोट झोपवायची. इथे हिवाळ्याआधी झोपवावीच लागते. इंजिन थंड राहावं म्हणून बोट तळ्याचं पाणी आत घेते, आणि बंद केल्यावर त्यातलं थोडं लोखंडाच्या पोटातल्या बारीक वाटांत राहून जातं. थंडीत त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि लोखंड फोडतो. म्हणून ते पाणी सगळं काढायचं आणि त्या जागी न गोठणारं गुलाबी पाणी भरायचं.

मी हसलो. पाणी लोखंड खातं हे मला माहीत. खारं पाणी तर गुळासारखं खातं. पण फोडतं?

 सूनबाईनं फ्रीजरमधून कोकम सरबताची एक बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. आत ठेवून विसरलेली. काच तळापासून मानेपर्यंत तडकली होती आणि सरबत उभंच होतं, लाल, बाटलीच्या आकाराचं. मी बराच वेळ ती बघत बसलो. फार सुंदर दिसत होती. मग म्हटलं, "बरं. काढा पाणी."

मुलाच्या मनात बोट हिवाळ्यापुरती तळ्यावरच्या दुकानात द्यायची होती, ते लोक हे सगळं करून देतात.

"माझ्यादेखत इंजिन परक्याच्या हातात देणार?"

"बाबा, ते प्रोफेशनल असतात."

"मग मलाही त्यांच्याकडेच ठेव. मार्चमध्ये दोघांना सोडवून आण."

झालं. आपणच करायचं ठरलं. त्यानं इंटरनेटवरून कागद छापून आणले, मला वाचून दाखवले, गुलाबी पाण्याचे कॅन आणले. शुक्रवारी संध्याकाळी तळ्यावर शेवटची फेरी मारून आम्ही बोट ट्रेलरवर चढवली आणि दारात आणून उभी केली. पोटात तळ्याचं पाणी तसंच. शनिवारी सकाळी काढू म्हणून.

शनिवारी सकाळी रबरी नळीचं एक तोंड कमी पडतंय असं लक्षात आलं, ते आणायला मुलगा गेला. मी आंघोळ करून आलो तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. खंडेनवमी.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. ज्याच्या हातात जे असेल ते. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, आमचे पाने. धुऊन पुसून मांडायची, गंधफूल वाहायचं आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळी फुलं उतरवायची, मगच उचलायची. लाँच त्या दिवशी धक्क्याला बांधलेली असायची. एकदा मालकानं लग्नाचं वऱ्हाड न्यायला सोडायला सांगितली, तर मी इंजिनाच्या झाकणावर मांडी घालून बसलो. वऱ्हाड होडीनं गेलं, निम्मं भिजलं. नवरीची आई मला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. पण उठलो नाही. माणसाला विसावा मिळो न मिळो, हत्याराला वर्षातून एक दिवस मिळालाच पाहिजे.

मुलाची हत्यारांची पेटी उघडली. सगळे पाने काढले, पेचकस काढले, पुसले, गॅरेजच्या टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरून ओळीनं मांडले. झेंडू तिथे कुठला. दारात सूनबाईची पिवळ्या शेवंतीची कुंडी होती, ती भरपूर फुलली होती. हळदकुंकू देवघरातून घेतलं. हत्यारं झाली, तसा बोटीत चढलो, झाकण उचललं आणि इंजिनालाही कुंकवाचं बोट लावलं. ट्रेलर पुढून उचलायचा दांडा असतो, त्यालाही. मग तिथेच बोटीत बसलो.

वारा सुटला होता. पानं गळत होती, सगळा रस्ता, हिरवळ, ट्रेलरची चाकं पिवळ्या-तांबड्या पानांत बुडाली होती. वारा आला की ती पानं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकायची, लाटेसारखी. बोट जमिनीवर उभी होती आणि हलत होती असं मला वाटलं. ऊन अंगावर होतं. माझे डोळे मिटले. कोणीतरी पलीकडच्या काठावरून हाक मारत होतं, लाँच थांबवा म्हणून, आणि मी म्हणत होतो, आज नाही, आज नाही.

"आज नाही म्हणजे काय बाबा?"

मुलगा परत आला होता. हातात नळीचं तोंड, चेहऱ्यावर घाई. "उठा, पटकन सुरू करू. रेडिओवर सांगतायत, आज रात्री हार्ड फ्रीझ, पाणी पार गोठणार. एवढ्या लवकर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं."

"आज खंडेनवमी आहे."

त्यानं टेबलाकडे बघितलं. 

"सगळे पुजलेत?"

"सगळे."

"एखादा तरी राहिला असेल."

"माझ्या हातून राहत नाही."

तेवढ्यात सूनबाई बाहेर आली आणि आधी कुंडीकडे बघून म्हणाली, "माझी शेवंती कुणी ओरबाडली?" मग टेबल बघितलं, नवऱ्याचं तोंड बघितलं, आणि पायरीवर बसूनच घेतलं.

"बाबा, ऐका," मुलगा म्हणाला. "इंजिनच्या ब्लॉकमध्ये पाणी आहे. त्या कोकमच्या बाटलीचं काय झालं बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग?"

"मग काय? आज पाना उचलायचा नाही."

"मी शेजारच्यांकडून मागून आणतो. त्यांचे कुठे पुजलेत."

"इंजिन पुजलंय."

त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. माझ्यासारखेच ठेवतो. "ठीक आहे. पण एक सांगून ठेवतो. हा ब्लॉक क्रॅक झाला तर ही बोट गेली. दुरुस्त करण्यात अर्थ नाही, भंगारात जाईल. आणि मी दुसरी घेणार नाही."

  बोट गेली म्हणजे खिडकी आली. पुन्हा ती खुर्ची, तो टीव्ही, आणि कुणी काही विचारायचं नाही. त्याला ते कळत नव्हतं असं नाही. मला वाटतं, बोट त्यानं घेतलीच होती त्यासाठी. पण आयुष्यभर जे वऱ्हाडासाठी मोडलं नाही ते थंडीसाठी कसं मोडायचं? माझ्याजवळ माझं म्हणून एवढंच काही घेऊन मी विमानात बसलो होतो.

"आत घ्या ना मग," सूनबाई पायरीवरून म्हणाली.

"काय?"

"बोट. गॅरेजमध्ये. गाड्या बाहेर काढा, सामान हलवा. आतमध्ये एवढं गार होत नाही. उद्या सकाळी दसरा, मग करा तुमचं विंटरायझिंग."

"मावणार नाही," मुलगा म्हणाला.

"थोडी बाहेर राहील. ताडपत्री लावू. आणि बाबा, ढकलणं चालतं का? का तेही पाप?"

मी विचार केला. "ढकलणं म्हणजे वापरणं नव्हे. देवाची पालखी हलवतातच."

"बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "कायदा तेच लिहितात, निकालही तेच देतात."

मुलानं ट्रेलरच्या दांड्याला हात घातला आणि थांबला. कुंकू. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग त्यानं खाली वाकून ट्रेलरचं तोंड आपल्या दोन हातांनी उचललं. मी एका बाजूनं लागलो, सूनबाई दुसऱ्या. हलेना. शेजारचा म्हातारा गोरा कुत्र्याला घेऊन चालला होता. तो थांबला, कुत्र्याला खांबाला बांधलं आणि काही न विचारता येऊन आमच्याबरोबर जोर लावला. त्याला आत टेबलावरची फुलं घातलेली हत्यारं दिसली. तो मुलाला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, बर्थडे आहे का कुणाचा."

"हो सांग."

बोट आत गेली. तोंडाकडचा हातभर भाग बाहेरच राहिला, दार खाली येईना. ताडपत्री बांधली तरी फटी राहिल्या. मुलगा आत फिरत होता, हात हवेत धरून गारवा बघत होता. मी माझ्या खोलीत गेलो. माझ्या खोलीत तेलाचा हीटर होता, चाकांवर चालणारा, मला इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते म्हणून खास आणलेला. तो ढकलत गॅरेजमध्ये आणला.

"पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय लावायचा नाही," मुलगा म्हणाला.

"एवढं मला कळतं."

वास जाईपर्यंत सगळं उघडं टाकून बसलो. सूनबाईनं चहा आणला. संध्याकाळचं ऊन ताडपत्रीतून निळं होऊन आत येत होतं, बोटीच्या पांढऱ्या अंगावर पसरत होतं, आणि आम्ही तिघं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखे दिसत होतो.  मग मुलानं बोटीपासून लांब, जमिनीवर हीटर लावला. त्याचा बारीक लाल दिवा पेटला.

"दिवा चालतो ना?" त्यानं विचारलं. आवाजात राग होता, पण थोडाच.

"नवरात्र आहे. दिवा पाहिजेच."

मी पुन्हा खोलीत गेलो आणि गोधडी घेऊन आलो. हिनं शिवलेली. तिच्या लुगड्यांची, मधे माझ्या एका खाकी शर्टाची ठिगळं. पेटीत मी कपड्यांच्या आधी ती भरली होती.

सूनबाई पटकन उभी राहिली. "बाबा, ती आईंची आहे. तेल लागेल हो. मी दुसरं काहीतरी देते."

"तेलाचा वास तिला माहीत होता," मी म्हटलं.

इंजिनावर गोधडी पसरली. चारी बाजूंनी खोचली. मूल झोपल्यावर पाय उघडे राहिलेत का बघतो तसं मी खाली हात घालून बघितलं. मुलगा वर उभा राहून बघत होता. तोही मग वाकला आणि त्याच्या बाजूचं टोक त्यानं आत सारलं. झाकण आम्ही दोघांनी मिळून लावलं.

त्या दिवशी मी लवकर पडलो. सूनबाईनं जाडजूड रजई दिली होती, पण ती अंगाला ओळखत नव्हती. झोपेत मी लाँचवर होतो. खाडीवर पांढरं काहीतरी पसरलं होतं, मीठ असेल असं वाटलं, आणि माणसं त्यावरून चालत पलीकडे जात होती. लाँचची गरज कुणालाच नव्हती. ही पण चालत होती, चपला हातात घेऊन. मी खालून ओरडत होतो, अगं थांब, ठोका लागू दे. ती मागे वळून म्हणाली, लागलाय की, ऐका.

सकाळी जाग आली ती थंडीनं. अंगणातली हिरवळ पांढरी झाली होती, पानं कडक झाली होती, पायाखाली पापडासारखी मोडत होती. कुंडीतल्या उरलेल्या शेवंतीनं माना टाकल्या होत्या. नळाखालच्या बादलीत मी बोट घातलं. बोट गेलं नाही. मुठीनं मारलं, तेव्हा जाड काचेसारखा बर्फ फुटला. तो तुकडा हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो, हात बधिर होईपर्यंत.

ताडपत्री बाजूला करून आत गेलो तर मुलगा आधीच तिथे. बादली पालथी घालून बसला होता, टोपी कानांवर ओढलेली, हातात चहाचा कप. हीटरचा लाल दिवा चालू होता. टेबलावर पाने जसे मांडले होते तसेच, शेवंतीची फुलं तशीच. एकही हललं नव्हतं.

"कधीचा बसलायस?"

"आत्ताच आलो." कपातला चहा पार निवला होता.

"उघडून बघायचंस."

"तुम्ही आधी फुलं काढा," तो म्हणाला.

मी फुलं उतरवली. पाने नमस्कार करून मोकळे केले. आपट्याचं पान तिथे कुठलं, म्हणून दारातलं एक पिवळं मेपलचं पान उचललं होतं, ते त्याच्या हातात ठेवलं. "सोनं घे." त्यानं ते घेतलं, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि पान जॅकेटच्या खिशात ठेवलं. मग आम्ही झाकण उचललं. गोधडी काढली. तिच्या आतल्या अंगाला हात लावला तर ऊब वाटली, पण ती माझ्या हाताची होती की तिची ते कळेना, कारण हात गार पडला होता.

मी पाना घेतला आणि खाली उतरून इंजिनाच्या कुशीत शिरलो. पाणी सोडायचं बूच ब्लॉकच्या अगदी खालच्या अंगाला असतं, डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी शोधावं लागतं. सापडलं. पाना बसवला. जोर लावला. बूच फिरलं, सैल झालं, हातात आलं.

पाणी आलं नाही.

वर मुलगा टॉर्च धरून उभा होता. टॉर्चचा उजेड हलला नाही.  भोकाशी बोट लावलं. आत काहीतरी होतं. गार, घट्ट.

मग मला बोटाच्या टोकाला कणी लागली. वाळूची. बर्फाला कणी नसते.

"सूनबाईच्या खराट्याचा एक हीर आण," मी म्हटलं.

तो धावत गेला. हीर घेऊन आला. मी तो भोकात घातला, हळूच, कानातला मळ काढावा तसा, आणि फिरवला. थोडा गाळ आला, काळा, तळ्याच्या तळाचा. आणि मग त्याच्या मागून पाणी. बारीक धार, मग करंगळीएवढी, मग अंगठ्याएवढी. फार गार होतं, तळ्याच्या शेवाळाचा वास असलेलं, आणि वाहतं.

"बाबा?" वरून आवाज आला. "आवाज बरोबर आहे का?"

मी हात काढला नाही. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, तिथून सदऱ्यात शिरलं, आणि मी ते शेवटच्या थेंबापर्यंत तसंच वाहू दिलं.